वयाच्या रकान्यात कुणाचे वय?



मागच्या महिन्यात आमच्या शाळेत सातवीच्या दोन मुलांची मधल्या सुट्टीत मारामारी झाली. एकाने दुसऱ्याला पत्र्याची कंपासपेटी फेकून मारली. भुवईवर लागले, तीन टाके पडले. बोटभर खाली लागले असते तर डोळाच गेला असता. दोघे जिवलग मित्र, एकाच मोहल्ल्यातले, जुम्म्याच्या नमाजला बरोबर जाणारे. चौकशी केली तेव्हा कळले की, भांडणाचे मूळ आदल्या रात्री मोबाइलवर खेळलेल्या बंदुकीच्या खेळात होते. "मला गोळ्या लागल्या तेव्हा हा मला सोडून पळाला," असे मारणाऱ्याने सांगितले. 'मला गोळ्या लागल्या' हे शब्द त्याने इतक्या खरेपणाने उच्चारले की आम्ही शिक्षक गप्पच झालो.

त्या शनिवारी पालकसभा बोलावली. एरवी पंधरा-वीस पालक येतात. त्या दिवशी वर्गात बसायला जागा उरली नाही. प्रत्येकाकडे सांगण्यासारखे काही होते. कुणाचा मुलगा रात्री दोनपर्यंत जागतो, कुणाचा जेवणाच्या ताटावरून उठतो, कुणी बहिणीवर हात उगारला. रिक्षा चालवणारे एक भाई उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडम, मी सकाळी सहाला घर सोडतो, रात्री दहाला येतो. पोरगा फोनमध्ये काय करतो ते मी कसं बघू? लहान पोराला दारू विकली तर दुकानदारावर केस होते ना? मग हे देणाऱ्यावर का नाही?"

प्रश्न रास्त होता. सभेने एकमताने ठरवले की, मुलांना हिंसक गेम मिळू नयेत यासाठी कडक कायदा करावा, असे निवेदन जिल्हाधिकाऱ्यांमार्फत सरकारला पाठवायचे. निवेदन मराठीत लिहायचे म्हणून ते काम ओघानेच आमच्याकडे आले.

लिहायला बसण्याआधी एक गोष्ट पाहावी असे वाटले. असा कायदा आजवर कुणी केला आहे का? केला असेल तर त्याचे पुढे काय झाले?

कॅलिफोर्नियाचा कायदा

या प्रश्नावर मोठा कायदेशीर वाद झाला तो अमेरिकेत. तिथे 1993 मध्ये संसदेत यावर सुनावण्या झाल्या. पडद्यावर रक्त उडवणारा 'मॉर्टल कॉम्बॅट' हा खेळ तेव्हा गाजत होता. सरकार कायदा करील या धाकाने खेळ बनवणाऱ्या कंपन्यांनी 1994 मध्ये स्वतःच एक मंडळ काढले आणि खेळाच्या डब्यावर वयाची खूण छापायला सुरुवात केली. हा सर्वांसाठी, हा तेरा वर्षांपुढच्यांसाठी, हा सतरा वर्षांपुढच्यांसाठी. पण खूण छापणे वेगळे आणि दुकानदाराने ती पाळणे वेगळे. 2000 साली तिथल्या व्यापार आयोगाने लहान मुलांना गिऱ्हाईक म्हणून दुकानांत पाठवून पाहिले. शंभरातल्या 85 मुलांना सतरा वर्षांपुढचा खेळ मिळाला.

मग 2005 मध्ये कॅलिफोर्निया राज्याने कायदा केला. तो मांडणारे आमदार लेलँड यी हे मुलांच्या मानसशास्त्राचे जाणकार. त्यावर सही करणारे गव्हर्नर आर्नोल्ड श्वार्झनेगर; होय, तेच, ज्यांचे बंदुकीचे सिनेमे आपल्याकडेही पाहिले गेले. कायदा थोडक्यात असा होता की, ज्या खेळात माणसाला विकृतपणे ठार मारण्याचे, त्याचे हातपाय तोडण्याचे प्रकार आहेत, तो अठरा वर्षांखालील मुलाला विकायचा नाही, भाड्यानेही द्यायचा नाही. डब्यावर 18 हा आकडा छापायचा. नियम मोडणाऱ्याला एक हजार डॉलरपर्यंत दंड.

आमच्या रिक्षावाल्या भाईंना हवा होता तो हाच कायदा. पण तो एक दिवसही अमलात आला नाही. खेळ विकणारे आणि बनवणारे न्यायालयात गेले, कायद्याला आधीच स्थगिती मिळाली आणि 27 जून 2011 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी तो रद्द केला.

निकाल न्यायमूर्ती अँटोनिन स्कॅलिया यांनी लिहिला. त्यांचे म्हणणे असे की, पुस्तक, नाटक आणि सिनेमा यांना अभिव्यक्तीचे जे स्वातंत्र्य आहे, तेच व्हिडिओ गेमलाही आहे. मुलांच्या परीकथांतही हिंसा असतेच. आणि खेळामुळे मूल हिंसक होते असे अभ्यासांनी सिद्ध केलेले नाही. दोन गोष्टी एकत्र आढळतात, एवढेच त्यांनी दाखवले आहे. न्यायमूर्ती स्टीफन ब्रायर यांनी याविरुद्ध मत दिले. तेरा वर्षांच्या मुलाला अश्लील चित्र विकण्यास कायदा मनाई करतो. मग ज्या खेळात तोच मुलगा एका बाईला बांधून, छळून ठार मारतो, तो खेळ मात्र त्याला खुशाल विकू द्यायचा, याला काय अर्थ आहे, असे त्यांनी विचारले. दुसरे विरोधी मत न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांचे होते. आई-बापांना बाजूला सारून त्यांच्या मुलाशी थेट बोलण्याचा हक्क राज्यघटना कुणालाच देत नाही, अशी त्यांची भूमिका होती.

आई म्हणून आम्हाला ब्रायर आणि थॉमस यांचे म्हणणे जवळचे वाटले. पण मनात रुतून बसली ती स्कॅलिया यांनी दाखवलेली एक उणीव. त्या कायद्यातच एक सूट होती. आई-वडील, आजी-आजोबा, काका-मामा, आत्या-मावशी किंवा कायदेशीर पालक यांनी मुलाला खेळ दिला तर गुन्हा नाही. खेळ इतका घातक असेल तर काकांनी हो म्हटल्याबरोबर तो निर्धोक कसा होतो? आणि हो म्हणणारा खरोखर काका आहे का, हे तपासण्याची सोयही कायद्यात नव्हती. मुलाने सांगितले किंवा त्या माणसाने सांगितले, की झाले.

गंमत अशी की, कायदा नसतानाही तिथली दुकाने सुधारली. लोकांचा दबाव आला, दुकानदार ओळखपत्र मागू लागले आणि 2009 पर्यंत तो 85 चा आकडा 20 वर आला. पण मग दुकानच बदलले. आता डबा नाही, गल्ला नाही, गल्ल्यावर बसलेला माणूसही नाही. फोनच्या पडद्यावर एक रकाना उघडतो आणि विचारतो, तुमचे जन्मसाल?

कोरिया, चीन आणि आपण

दक्षिण कोरियाने 2011 मध्ये वेगळा मार्ग धरला. सोळा वर्षांखालील मुलांना रात्री बारा ते सकाळी सहापर्यंत ऑनलाइन गेम बंद. लोक त्याला 'सिंड्रेला कायदा' म्हणत. मुलांनी आई-बापांचे ओळख क्रमांक टाकून खेळायला सुरुवात केली. पुढे खेळ संगणकावरून मोबाइलवर आले आणि कायदा मागे पडला. अखेर 2021 मध्ये सरकारने तो मागे घेण्याचे ठरवले आणि वेळ ठरवण्याचे काम पालक आणि मुले यांच्यावर सोपवले.

चीनने याहून कडक नियम केला. 2021 च्या ऑगस्टअखेर असे ठरले की, अठरा वर्षांखालील मुलांनी फक्त शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी, रात्री आठ ते नऊ, एवढा एकच तास ऑनलाइन गेम खेळावा. खऱ्या नावाने नोंदणी सक्तीची. तिथेही मुले घरातल्या मोठ्यांची खाती वापरत होतीच. इतकी, की एका मोठ्या कंपनीला त्याच वर्षी रात्री खेळणाऱ्याचा चेहरा तपासण्याची व्यवस्था आणावी लागली. साठीतले आजोबा मध्यरात्रीनंतर गेम खेळत आहेत, हे यंत्रालाही पटेना.

आपल्याकडे मार्च 2019 मध्ये राजकोटच्या पोलिसांनी पब्जी खेळण्यावर बंदी घातली आणि काही तरुणांना त्यासाठी पकडले. त्याच वर्षी मुंबईच्या एका अकरा वर्षांच्या मुलाने आपल्या आईमार्फत मुंबई उच्च न्यायालयात याचिका करून या खेळावर बंदी मागितली. पुढे 2 सप्टेंबर 2020 रोजी केंद्र सरकारने 118 अ‍ॅपवर बंदी घातली, त्यात पब्जीही गेला. त्या दिवशी अनेक आयांनी अल्हम्दुलिल्लाह म्हटले असेल, आम्हीही म्हटले. पण ती बंदी मुलांसाठी नव्हती. ती माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 69अ खाली, देशाच्या सुरक्षेच्या कारणाने होती. 2021 मध्ये तो खेळ भारतीय नाव घेऊन परत आला, 2022 मध्ये पुन्हा बंद झाला, 2023 मध्ये पुन्हा सुरू झाला. या वेळी अठरा वर्षांखालील मुलांना दिवसाला तीन तासांची मर्यादा होती.

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. त्याने बंदी घातली ती पैसे लावून खेळण्याच्या खेळांवर. जुगाराला आळा बसतो, म्हणून ती स्वागतार्हच आहे. पण गोळीबाराच्या खेळाचा प्रश्न त्याने सुटत नाही. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलाची माहिती वापरण्याआधी पालकाची संमती घेण्याची, आणि ती संमती पडताळून पाहण्याची अट घातली आहे. सिनेमाला सेन्सॉर बोर्डाचे प्रमाणपत्र लागते, तसे गेमला प्रमाणपत्र देणारे सरकारी मंडळ मात्र आपल्याकडे नाही.

ही सारी टिपणे वहीत उतरवल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. देश कोणताही असो, कायदा सैल असो की कडक, तो शेवटी एकाच दाराशी येऊन थांबतो. घरातला मोठा माणूस काय सांगतो, यावर सगळे अवलंबून राहते. तो खरे बोलला तर कायद्याला काही अर्थ, नाहीतर सारे कागदावर.

तोवर आम्हाला वाटत होते की हे आम्ही दुसऱ्यांबद्दल लिहीत आहोत.

"मी अल्पवयीन नाहीच"

इशाची नमाज झाल्यावर आम्ही निवेदनाचा कच्चा मसुदा लिहिला आणि धाकट्याला म्हटले, मोठ्याने वाच, कुठे अडखळतोस ते बघू. तो बारा वर्षांचा, सातवीतच आहे. त्याने वाचायला सुरुवात केली. 'अल्पवयीन मुलांच्या हाती असे हिंसक खेळ पडू नयेत' या ओळीवर थांबला आणि हसला.

"अम्मी, हा कायदा आला तरी माझं काही होणार नाही."

"का रे बेटा?"

"मी अल्पवयीन नाहीच. गेममध्ये मी चव्वेचाळीस वर्षांचा आहे."

क्षणभर काही कळेना. मग सगळे आठवले. 2020 चा जून. शाळा फोनवर भरत होत्या. आमचाही वर्ग ऑनलाइन, मुलाचाही. उसनवारी करून दुसरा फोन घेतला. तो सुरू करताना जन्मसाल विचारले गेले. आम्ही मुलाचे, 2013, टाकले. फोनने सांगितले की, एवढ्या लहान मुलाचे खाते पालकाच्या खात्याला जोडावे लागेल. त्यासाठी आणखी चार पडदे वाचायचे होते. त्याचा वर्ग सुरू झाला होता, बाई हजेरी घेत होत्या. आम्ही मागे गेलो आणि आमचे साल, 1981, टाकून मोकळे झालो. सात वर्षांचे लेकरू शेजारी उभे होते. त्याने विचारलेही, "अम्मी, हे तर तुझं साल आहे ना?" आम्ही म्हणालो, "चालतं. असंच टाकतात."

पुढे कधीतरी त्याने तो खेळ घेतला. त्या खेळाखाली बारीक आकड्यांत 16+ लिहिलेले होते. चव्वेचाळीस वर्षांच्या माणसाला कोण अडवणार? आणि एकदा, तो दुसरा एक खेळ घेत असताना, पालकाच्या नंबरवर ओटीपी आला होता. आम्ही रोट्या लाटत होतो. "अम्मी, ओटीपी सांग," म्हणून आतून हाक आली आणि पिठाच्या हाताने फोन उचलून आम्ही ते आकडे वाचून दाखवले. काय आहे, कशाचा आहे, विचारलेही नाही. कायद्याने आणि कंपनीने आमच्यापाशी येऊन दार वाजवले होते. दार आम्हीच उघडून दिले.

वाचकहो, आम्हाला सर्वांत जास्त लाज वाटली ती एका वेगळ्याच कारणाने. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये मुलांच्या जन्मतारखा आमच्या हाताने लिहिल्या जातात. दरवर्षी जूनमध्ये दोन-चार पालक येतात. "मॅडम, एक वर्ष कमी लिहा, पुढे नोकरीला बरं पडेल." आम्ही त्यांना सांगतो की, दाखल्यावर आहे ते सोडून एका दिवसाचाही फरक होणार नाही, ही गवाही आहे. तेच आम्ही स्वतःच्या घरात, मुलाच्या डोळ्यांदेखत, बत्तीस वर्षांचा फरक केला होता.

एक हदीस आम्ही वर्गात कितीदा तरी सांगितली आहे. अबू दाऊद यांच्या संग्रहात ती आहे. अब्दुल्लाह बिन आमिर (रजि.) लहान होते. प्रेषित मुहम्मद (स.) त्यांच्या घरी बसलेले असताना आईने मुलाला हाक मारली, ये, तुला काही देते. प्रेषितांनी (स.) तिला विचारले की, काय देणार होतीस? ती म्हणाली, खजूर. त्यावर त्यांनी तिला सांगितले की, काहीच दिले नसतेस तर तुझ्या नावावर एक खोटे लिहिले गेले असते. लेकराला जवळ बोलावण्यासाठी बोललेला एवढासा शब्दही हिशेबात धरला जातो. मग 'असंच टाकतात' याचे काय?

राखणदाराची हदीसही आपल्या घराघरांत माहीत आहे. प्रत्येकाला आपापल्या कळपाबद्दल विचारले जाणार. आजवर आम्ही तिचा अर्थ मुलावर नजर ठेवणे एवढाच घेत होतो. त्याचा फोन तपासायचा, वेळ मोजायची, रागवायचे. राखणदाराने स्वतः कुंपणाला भोक पाडून ठेवले तर, हा विचार कधी केला नव्हता.

मग काय केले

मुलांच्या अब्बांना सांगितले. ते म्हणाले, "सगळेच तसं करतात. आणि आता बंद केलंस तर तो दुसऱ्याच्या फोनवर खेळेल." दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. तरी दुसऱ्याच्या फोनवरचे खोटे दुसऱ्याचे. या फोनवरचे आमचे होते.

आधी आम्ही मुलाशेजारी बसून तो खेळ तासभर पाहिला. खेळाविषयी अतिरेकी बोलू नये. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने 2020 मध्ये सांगितले आहे की, हिंसक गेम आणि आरडाओरड, ढकलाढकली अशा आक्रमकपणाचा संबंध दिसतो; पण त्यामुळे माणूस खून-मारामाऱ्या करू लागतो असे म्हणण्याइतका पुरावा नाही. आमचा मुलगाही काही राक्षस झालेला नव्हता. नकाशा वाचणे, मित्रांबरोबर बेत आखणे यात तो हुशार होता. आम्हाला धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टींचा. कानातल्या यंत्रातून अनोळखी मोठी माणसे त्याच्याशी बोलत होती आणि आई-बहिणीवरून शिव्या देत होती. मधूनमधून कर्ज देणाऱ्या अ‍ॅपच्या जाहिराती येत होत्या. बरोबरच आहे, चव्वेचाळीस वर्षांच्या माणसाला कर्ज लागतच असते. मुलांसाठी जी काही थोडीफार राखण त्या यंत्रात होती, ती त्याला मिळालीच नव्हती. आम्ही त्याला मुलगा म्हणून नोंदवलेच नव्हते.

मग आम्ही त्याची माफी मागितली. "बेटा, त्या दिवशी अम्मी खोटं बोलली. ते चालत नाही." तो गोंधळला. मोठ्यांनी रागवावे याची त्याला सवय होती, याची नव्हती. आम्ही दोघांनी मिळून त्याचे नवे खाते उघडले, 2013 लिहिले, ते आमच्या खात्याला जोडले. या वेळी चारही पडदे वाचले. नव्या खात्यावर तो खेळ मिळेना. तीन वर्षांत मिळवलेल्या पायऱ्या, बंदुका, पोशाख सारे जुन्या खात्यात राहिले. तेव्हा मात्र तो रडला. "चूक तुझी होती, शिक्षा मला का?" असे त्याने विचारले. या प्रश्नाला आमच्याकडे आजही नीट उत्तर नाही. दोन दिवस तो आमच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी शेजारी मित्राच्या फोनवर खेळून आला, हे दादींकडून कळले. आम्ही रागावलो नाही. मित्राच्या अम्मीशी जाऊन बोललो.

सारे सुरळीत झाले असे आम्ही म्हणणार नाही. पण आता तो काही नवे घ्यायचे झाले की विचारायला येतो आणि आम्ही पिठाचे हात धुऊन बघतो. इशानंतर घरातले सगळे फोन, आमचेही, स्वयंपाकघरातल्या कपाटावर झोपतात. तो नियम फक्त त्याला असता तर तो एक आठवडाही टिकला नसता.

निवेदन

पुढच्या सभेत निवेदन वाचून दाखवले. कायद्याची मागणी आम्ही सोडलेली नाही. रिक्षावाल्या भाईंचा प्रश्न खरा आहे. सोळा-सोळा तास घराबाहेर राबणाऱ्या बापाला, वाचता न येणाऱ्या आईला, साऱ्या कंपन्यांशी एकट्याने झुंज, असे सांगणे म्हणजे अन्याय आहे. म्हणून तीन मागण्या केल्या. सिनेमासारखे गेमलाही वयाचे प्रमाणपत्र असावे. ते वय मराठी, उर्दू, हिंदीत, मोठ्या अक्षरांत, खेळ घेण्याआधीच दिसावे. आणि पालकाची संमती ही मुलाच्याच हातातल्या फोनवर येणाऱ्या चार आकड्यांची नसावी.

मग आमची स्वतःची गोष्ट सांगितली. सांगताना जीभ जड झाली, कारण समोर आमचे विद्यार्थी ज्यांचे, ते बसले होते. आणि विनंती केली की, सहीआधी प्रत्येकाने आपल्या मुलाच्या हातातला फोन काढून तिथे कुणाचे जन्मसाल आहे ते बघावे. वर्ग एकदम शांत झाला. रिक्षावाले भाई पहिले पुढे आले. "मॅडम, मला हे वाचता येत नाही, तुम्हीच बघा." खाते त्यांच्या नावाचे होते, वय अडतीस. ते कुणी उघडले, त्यांना ठाऊक नव्हते. म्हणाले, "फोन माझा, नाव माझं, आणि मलाच पत्ता नाही." त्यांच्या मुलाचे नवे खाते त्यांच्या देखत उघडले.

एक आई म्हणाल्या, "आमच्या घरी फोनच एक. तोच कामाचा, तोच अभ्यासाचा. वेगळं खातं कुठून काढू?" हाही खरा प्रश्न. त्यांच्या फोनवर नवे अ‍ॅप घेण्यासाठी आकड्यांचे कुलूप लावून दिले. ते आकडे त्यांनी मुलाला सांगायचे नाहीत, हेच त्यांचे काम.

पहिल्या सभेत निवेदनासाठी 46 हात वर झाले होते. त्या दिवशी सह्या झाल्या 29. काही जण फोन न काढताच निघून गेले. त्यांना नावे ठेवण्याचा आम्हाला अधिकार नाही. पाच वर्षे आम्हीही तेच केले. 29 सह्यांचे निवेदन पाठवले आहे. त्याचे काय होते ते इन्शाअल्लाह पुढे कळवू.

त्या दोन मुलांचे टाके आणि अबोला दोन्ही आता सुटले आहेत. ते पुन्हा एका बाकावर बसतात. कंपासपेटी मात्र आता प्लॅस्टिकची आणायची, असा नियम मुख्याध्यापकांनी केला आहे.

आमची आपल्याला एकच विनंती. हा अंक खाली ठेवल्यावर घरातला तो फोन हातात घ्या, जो तुमचा मुलगा किंवा मुलगी वापरते. त्यातला वयाचा रकाना उघडा. तिथे तुमचे साल असेल तर मुलाला शेजारी बसवा आणि त्याच्या देखत खरे लिहा. तो रुसेल, रडेल, तुम्हाला जाब विचारेल. विचारू द्या. काय घडले ते आम्हाला पत्राने जरूर कळवा.

अल्लाह आपल्या मुलांची हिफाजत करो आणि त्यांच्यासमोर खरे बोलण्याची हिंमत आपल्याला देवो. आमीन.